वारं नव्हतं ते

(वाशिम जिल्ह्यातील बचतगटांच्या महिला, आशा आणि कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक विनंती करते. मी हळू बोलणार आहे. मध्येच एखादा शब्द अडला, तर कुणी तो मला पुरवू नका. थोडं थांबा, तो येतो. ज्या मला पूर्वीपासून ओळखतात त्यांना माहीत आहे, माझ्या हातात माईक दिला की तो काढून घ्यावा लागायचा. आज मी मुद्दे कागदावर लिहून आणलेत, तेही डाव्या हातानं. त्यामुळे भाषणानंतर कागद कुणी मागू नका, तो मलाच कसाबसा वाचता येतो.

आयोजकांनी विषय दिलाय 'स्त्रिया आणि असंसर्गजन्य आजार'. यातला तिसरा शब्द मी काल रात्री कितीतरी वेळा म्हणून पाहिला. आत्ता जमला, पण पुन्हा म्हणायला सांगू नका. म्हणून मी माझ्या एका आजाराचीच हकिकत सांगते. ती माझ्या एकटीची असती तर इथं सांगितली नसती.

२०२२ चा ऑक्टोबर. सोयाबीनची सोंगणी चाललेली. मंगरूळपीर तालुक्यातलं आमचं गाव. मी तेव्हा ३४ वर्षांची होते. सकाळी साडेसहाला चहा गाळताना हातातून गंज सुटला. चहा दोन्ही पायांवर सांडला, पण चटका कळला तो डाव्या पायाला. गंज उचलायला वाकले ती तिथंच बसले. सासूबाई धावत आल्या. मला सांगायचं होतं, 'माझा हात उचलत नाही.' तोंडातून निघालं, 'पाणी.' पुन्हा सांगायला गेले, पुन्हा 'पाणी.' त्यांनी बिचाऱ्यांनी पाणी आणून तोंडाला लावलं. थोडं ओठांच्या उजव्या कडेनं गळालं, उरलेल्याचा ठसका लागला. तेव्हा त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "वारं गेलं वं माय इच्या अंगावरून!"

त्यानंतरचे तास मला तुटक तुटक आठवतात. ओसरीत निजवलं. कुणी तेल कोमट करून हातापायाला चोळलं. शेजारच्या काकूंनी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला आणि एक मुलगा कबुतर शोधायला गेलाही. गावात येणाऱ्या डॉक्टरनं सलाईन लावलं. नवरा वावरातून येईपर्यंत नऊ वाजले, १०८ ला फोन त्यानंतर गेला. मग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवत पाठवत अकोल्याला पोचून डोक्याचा सिटी स्कॅन झाला, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. रक्तदाब होता २२० वर १३०.

घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. त्यांना जास्त ठाऊक असायला हवं होतं, हे खरं. पण ते सांगण्याचं काम कुणाचं होतं? समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेऊन दहा वर्षं गावोगाव आरोग्याची शिबिरं घेणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात लकव्याची लक्षणं कुणाला माहीत नव्हती.

आपल्याकडे या आजाराला किती नावं आहेत पाहा. लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू. पण बायकांच्या तोंडी सगळ्यांत जास्त असतं ते 'अंगावरून वारं गेलं.' या बोलण्यात एक मोठी सोय आहे. वारं कुठूनही येतं, कुणाच्याही अंगावरून जातं. त्याची तक्रार करता येत नाही, त्याला रोखता आलं असतं असंही म्हणता येत नाही. मग त्याच्या आधीच्या दहा वर्षांत काय घडलं, हे विचारायची गरजच उरत नाही. आज मला तेच विचारायचं आहे.

मेंदूत खोलवर अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती खराब होत जातात. मग एखादी फुटते, नाहीतर आतून बंद होते. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. पंपाचा दाब सतत जास्त राहिला तर मोठा पाइप शाबूत राहतो, फुटते ती बारीक नळी, आणि तीही कुठल्यातरी शेवटच्या सरीत, जिथं आपलं लक्ष नसतं. नळी फुटलेली आपल्याला एका सकाळी दिसते. दाब मात्र कितीतरी हंगाम जास्त असतो.

माझा दाब कधीपासून जास्त होता? ते मी नंतर बसून जुने कागद काढून पाहिलं. २०१३ साली मला दिवस गेले. सातव्या महिन्यात पायांवर सूज आली, रक्तदाब १५० वर १०० निघाला. तेव्हा केवढी धावपळ झाली! सिस्टरनं कार्डावर लाल पेनानं गोल केला. दर आठवड्याला दंडाला पट्टा बांधायचे, लघवी तपासायचे, आशाताई घरी येऊन जायची. त्या सगळ्यांमुळे मी वाचले आणि माझी मुलगी वाचली. हे मी कधी विसरणार नाही.

मग मुलगी झाली. बाळंतपणानंतर काही दिवसांनी तपासणी संपली. त्या कार्डावर पुढे फक्त तिच्या लसींच्या तारखा पडत गेल्या. गरोदरपणात ज्या बाईचा रक्तदाब वाढतो, तिला पुढच्या आयुष्यात कायमचा रक्तदाब आणि लकवा होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. मला मात्र ते कुणी सांगितलं नाही. पोटात बाळ होतं तोवर माझा रक्तदाब सगळ्यांचा होता. बाळ बाहेर आलं आणि तो कुणाचाच राहिला नाही. माझ्या दंडाला पुन्हा पट्टा लागला तो सहा वर्षांनी, आणि तोही गमतीनं.

ती गंमत सांगते. २०१९ मध्ये आशांचं एक प्रशिक्षण होतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचा फॉर्म भरायचा, रक्तदाब आणि साखर तपासायला पाठवायचं, असा विषय होता. मशीन कसं वापरायचं हे दाखवायला मी माझाच दंड पुढे केला. आकडा आला १६८ वर १०४. एक आशाताई मोठ्यानं म्हणाली, "ताई, तुमचं तं आमच्या साऱ्याईहून जास्त हाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "मशीन बिघडलंय वाटतं." मग दुसऱ्या बाईचा दंड घेतला. मशीन बिघडलं नव्हतं. तिचा आकडा बरोबर आला, तोही मी फळ्यावर लिहिला.

त्या आशाताईनं मात्र माझा पिच्छा सोडला नाही. महिन्याभरानं तिनं मला आरोग्य केंद्रात नेऊन बसवलं. गोळ्या सुरू झाल्या, ३० दिवसांच्या, फुकट. मी त्या घेतल्या. गोळ्या संपल्या त्या आठवड्यात कुठल्यातरी बैठका होत्या. मग करोना आला. मग वाटलं, मला तर काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दिवसाला तीन गावं फिरते. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, हे वाक्य मी प्रशिक्षणात कितीदा बोलले असेन! तेच वाक्य मला लागू होतं हे मला पटलं नाही. करोना हे निमित्त होतं. खरं कारण हे की, मी स्वतःला तपासायच्या बायकांत धरलंच नव्हतं. मी तपासणाऱ्यांतली होते.

आता लकव्यानंतरचं सांगते. दवाखान्यातून मी १८ दिवसांनी घरी आले. उजवा हात लोंबकळत होता, उजवा पाय ओढावा लागत होता आणि शब्द गेले होते. समोर काय आहे ते मला कळायचं. तुम्ही काय बोलता तेही बरंचसं कळायचं. पण खिडकी म्हणायची असली तरी 'पाणी' निघायचं आणि नवऱ्याला हाक मारायची असली तरी 'पाणी'च. त्या वर्षीचं सोयाबीन घरात न ठेवता मिळेल त्या भावानं विकलं. मी जिथं काम करत होते तिथलं मानधन दोन महिन्यांनी बंद झालं. मानधनावरच्या बाईला आजारपणाची रजा कुठली? 'हिला काही दिवस माहेरी पाठवा,' असं नातेवाइकांत दबक्या आवाजात सुरू झालं. नवऱ्यानं ते ऐकलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणून सगळे सांगतात. मी आयुष्यात कितीतरी घरं पाहिली, जिथं लकवा झालेल्या नवऱ्याचं सगळं बायको वर्षानुवर्षं करते आहे. तिचं मोठेपण कुणी सांगत नाही. तिचं ते कामच समजतात.

पण माझ्या घरात ते काम कुणावर आलं? माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, चौथीत. आजी थकलेली, बाप वावरात. ती मला भरवायची, माझी वेणी घालायची, मला धरून न्हाणीत न्यायची. कुणी तिला शाळेतून काढलं नाही. कुणी तसं ठरवलंही नाही. ती फक्त जाईनाशी झाली. मुलींची शाळा कशी सुटते यावर मी कितीतरी भाषणं केली आहेत. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी सुटत होती आणि मला ते बोलता येत नव्हतं.

बोलायलाही मला तिनंच शिकवलं. वाचेचे उपचार करणारं जवळपास कुणी नव्हतं. तिनं तिचं पहिलीचं पुस्तक काढलं, चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची, "आई, हे काय?" मी म्हणायची, पाणी. ती म्हणायची, "नाही. नीट बघ." मास्तरीण फार कडक होती. जानेवारीत एके दिवशी मी सगळा जीव एकवटून तिला म्हणाले, "पाणीत जा." तिला कळेना. मी तिच्या दप्तराकडे बोट केलं. मग तिला कळलं आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली.

हे आमच्या गटातल्या बायकांच्या कानावर गेलं. गटात दहा जणी होत्या. त्यांनी ना भाषण केलं, ना सहानुभूती दाखवली. एकीनं वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या आणि पाळ्या लावल्या. दुपारी बारा ते पाच रोज एक बाई माझ्याजवळ. कुणी निंदणाची मजुरी अर्धी सोडून आली, कुणी आपली तूर निवडायला माझ्याच अंगणात घेऊन आली. हळूहळू सकाळचंही त्यांनी वाटून घेतलं. २०२३ च्या मार्चमध्ये मुलगी परत शाळेत गेली. ज्या वहीत आम्ही कर्जाचे हप्ते लिहायचो, त्या वहीनं माझ्या घरातली एक शाळागळती थांबवली. बचतगट कशासाठी, असा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

आता माझ्या घरातून जरा बाहेर पाहू. आपण सगळ्या समजतो की लकवा हा शहरातल्या, श्रीमंत, खाऊन-पिऊन सुखी माणसांचा आजार. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, 'सर्च' या संस्थेनं ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणं शोधली. सगळ्यांत जास्त मृत्यू कशानं? मलेरियानं नाही, लकव्यानं. दर सात मृत्यूंमागे एक. त्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या आणि बहुतेक जण घरीच गेले. याच संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये तिथल्या दोन गावांचा अभ्यास जगापुढे ठेवला होता. गावातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि बहुतेकींची तपासणी कधी झालीच नव्हती. बाईचं शरीर म्हणजे नुसतं गर्भाशय आणि बाळंतपण नव्हे, हे तेव्हापासून आपण सांगत आलो. पण पाळी गेल्यावर, पोरं मोठी झाल्यावर त्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न आपल्या चळवळीतही मागेच राहिला. आपल्या मागण्यांच्या यादीत रक्तदाब कधी होता का? माझ्या तरी नव्हता.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये आला, तेव्हा महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत आपला वाशिम होता. २०२४ मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. कार्यक्रम आहे, फॉर्म आहे, गोळी आहे. मग अडतं कुठं? अडतं ते दुसऱ्या महिन्याच्या गोळीवर. गोळी फुकट आहे, पण ती आणायला एक दिवसाची मजुरी जाते. केंद्रात गेलं तर कधी साठा संपलेला असतो. आणि घरात बाईच्या गोळीसाठी मोटारसायकल निघत नाही. ती निघते पोराच्या तापासाठी, सासऱ्याच्या दम्यासाठी.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्याच्या वर्षभर आधी, १९४४ च्या मार्चमध्ये, त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ नोंदवलेला आहे. महायुद्ध चालवणाऱ्या त्या माणसाच्या दिमतीला देशातले उत्तमोत्तम डॉक्टर होते, पण रक्तदाब नीट खाली आणणारं औषध तेव्हा जगात नव्हतं. ती गोळी आज आपल्या उपकेंद्रात मिळू शकते. जे रूझवेल्टना मिळालं नाही, ते मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बाईला मिळू शकतं. इतकं सगळं असून मी महिनाभर खाल्ली आणि सोडली.

म्हणून आता करायचं काय, ते थोडक्यात सांगते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा रक्तदाब गटाच्या बैठकीत मोजायचा. पाच मिनिटं शांत बसून, आणि जास्त आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त राहिला तर डॉक्टरकडे जायचं. १८० वर १२० च्या पुढे असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. गरोदरपणात जिचा दाब वाढला होता तिचं नाव वहीत वेगळं लिहायचं आणि तिला विसरायचं नाही.

गोळ्या आणायची पाळी लावायची. एक जण जाईल, सगळ्यांची कार्डं नेईल. साठा नसेल तर तसं लेखी मागायचं, ग्रामसभेत बोलायचं. बरं वाटतं म्हणून कुणी गोळी सोडली तर तिचा तसाच पिच्छा पुरवायचा, जसा त्या आशाताईनं माझा पुरवला होता. मी तिचं ऐकलं नाही, हा दोष तिचा नाही.

मीठ कमी खा, असं सगळेच सांगतात. पण आपल्या ताटात मीठ जास्त का जातं? सगळ्यांचं जेवण झाल्यावर भाजीचं पातेलं रिकामं असतं, मग आपण ठेचा, लोणचं आणि भाकर खातो. तेव्हा मिठाबद्दल बोलायचं असेल तर आधी भाजीबद्दल बोलावं लागेल. शेवटी जेवण्याबद्दल बोलावं लागेल.

लकव्याची लक्षणं घरातल्या शेंबड्या पोरालाही शिकवायची. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आणि हे सगळं एकाएकी. वेळ बघून ठेवायची आणि लगेच १०८ ला फोन करायचा. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालायचं नाही. नस बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. नस फुटली असेल तर तेच औषध घातक. यांतलं कुठलं, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. मंत्रानं नाही, तेलानं नाही, सलाईननंही नाही. आणि कबुतराला सुखानं जगू द्यायचं.

ज्यांना लकवा होऊन गेलाय त्यांना घरात लपवायचं नाही. अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. हातापायाचे व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवले तर फरक पडतो. मी चालत आले आहे, बघताय तुम्ही.

शेवटचं, आपल्या संस्था-संघटनांसाठी. हक्काची भाषा आपण सगळ्या जगाला शिकवतो. आपल्या मानधनावरच्या कार्यकर्तीला आजारपणाची रजा, वर्षातून एक तपासणी एवढं तरी आपण देतो का? आशा, अंगणवाडीताई, आपण सगळ्या दुसऱ्यांच्या आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या बाया आहोत. आपल्या वह्यांत आपली स्वतःची पानं कोरी आहेत.

मुलगी आता मोठी झाली आहे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती माझा दाब मोजते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. आज १३४ वर ८६ होता. सासूबाईंचाही मोजते. परवा शेजारी एकाला लकवा झाला, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "वारं गेलं म्हणतात, पण त्यानं गोळ्या सोडल्या होत्या ना वं?" माझ्या सगळ्या शिबिरांपेक्षा मला ते एक वाक्य मोठं वाटलं.

चहा तयार आहे असं कळलं. पण दाराशी मशीन ठेवलंय. आधी दंड, मग चहा. पहिला दंड माझा. आणि आशाताई, आकडा काहीही आला तरी या वेळी मी मशीन बिघडलंय म्हणणार नाही.